डाग जातो, वाफ घरात राहते

गालिच्यावर तूप सांडते. डाग काढायच्या द्रावकात फडके भिजवून ती जागा टिपली, की थोड्याच वेळात कोरडी आणि स्वच्छ दिसू लागते. तूप फडक्यात उतरलेले असते, आणि द्रावक खोलीच्या हवेत मिसळलेले असते. फडके तिथेच पडून राहिले, तर त्यातले उरलेले द्रावकही हवेतच जाते. डाग काढताना आपण हातांची काळजी घेतो, गालिच्याच्या रंगाची घेतो; हवेची काळजी घ्यायची मात्र राहून जाते. या द्रावकांचा मुख्य धोका तिथेच आहे.

दिवाळीच्या साफसफाईत सोफे, गालिचे, पायपुसणी सगळेच स्वच्छ करायला निघते. त्या वेळी कुणी तयार डागनाशक आणते, कुणी रंगाच्या दुकानातले थिनर, तर कुणी स्कूटरच्या टाकीतले थोडे पेट्रोल. म्हणून ही माहिती घरातल्या प्रत्येकाला असायला हवी.

आधी डाग ओळखा

द्रावक कामाला येते ते तेलकट डागांवर. तेल, तूप, ग्रीस, मेण, डांबर, लिपस्टिक, बॉलपेनची शाई यांना पाणी धरत नाही; द्रावक त्यांना विरघळवते आणि फडके ते शोषून घेते. चहा, कॉफी, सरबत, आमटीचे पाणी यांच्यावर द्रावक वापरण्यात अर्थ नाही. तिथे कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. हळदीची गोष्ट वेगळी. तिच्यातले करक्युमिन साबणाच्या अल्कलीने लालसर होते, पण उन्हात फिके पडत जाते. त्यामुळे गालिचा उन्हात टाकणे हा हळदीवरचा चांगला उपाय आहे.

तेलकट डागांसाठीही द्रावकाची पाळी शेवटी यावी. ताज्या तेलावर कॉर्नफ्लोअर पसरून तासभर ठेवले, तर बरेचसे तेल त्यात शोषले जाते. मेण किंवा च्युइंगगम बर्फाने कडक करून खरवडता येते. एवढे करून डाग उरलाच, तर द्रावक.

बाटलीत काय असते?

अशा डागनाशकांत बहुधा खनिज तेलाचे हलके अंश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲसिटोन किंवा संत्र्याच्या सालीतून मिळणारे लिमोनिन यांपैकी एक किंवा अधिक घटक असतात. ते किती सहज पेट घेतात, हे त्यांच्या फ्लॅश पॉइंटवरून कळते. ज्या किमान तापमानाला द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ जमते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा तो उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, ॲसिटोनचा उणे २० च्या जवळ, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा सुमारे १२, आणि रंगकामातल्या मिनरल टर्पेंटाइनचा साधारण ३८ ते ४०. भारताच्या पेट्रोलियम कायद्यानुसार २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेली पेट्रोलियम उत्पादने सर्वांत धोक्याच्या 'अ' वर्गात मोडतात.

पेट्रोल घरात डाग काढायला कधीच वापरू नये, हे या आकड्यांवरूनच कळते. मिनरल टर्पेंटाइन त्या मानाने सौम्य वाटते. पण नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तेही पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते. जानेवारीत पुण्यात न घडलेला अपघात मे महिन्यात विदर्भात घडू शकतो.

एका कपाचे गणित

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ हजार लिटर हवा असते. तिथे १०० मिलीलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल पूर्ण उडून गेले, तर त्याची साधारण ३२ लिटर वाफ होते. दारे-खिडक्या बंद असतील, तर हवेतले तिचे प्रमाण दर दहा लाख भागांत अकराशेच्या घरात जाते. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा आहे ४०० भागांची. म्हणजे छोट्या कपभर द्रावकाने बंद खोली कारखान्याच्या मर्यादेच्या अडीच पटींहून पुढे जाते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, झापड येणे ही त्याची लक्षणे. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली, असेही समजू नये. काही वेळाने नाकाला त्या वासाची सवय होते.

याच अल्कोहोलला पेटायला हवेत सुमारे २ टक्के वाफ लागते. खोलीची सरासरी काढली तर आपण त्याच्या बरेच खाली असतो. पण वाफ सगळीकडे सारखी पसरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ हवेच्या दुप्पट जड असते, पेट्रोलची तीन ते चार पट. ती सांडलेल्या पाण्यासारखी जमिनीलगत सरकते, गालिच्याच्या लवेत साठते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. घरात रांगणारे मूल असेल, तर त्याचे नाकही त्याच उंचीवर असते.

इतिहासाने शिकवलेले

द्रावकाने डाग काढण्याची विद्या जुनी आहे. पॅरिसमध्ये ज्याँ-बातिस्त जॉली यांनी एकोणिसाव्या शतकात ड्रायक्लीनिंगचा धंदा उभा केला. दिव्याचे तेल टेबलावरच्या कापडावर सांडले आणि तेवढी जागा स्वच्छ झाली, अशी त्यामागची आख्यायिका सांगितली जाते. पुढे या धंद्यात बेन्झिन-नॅफ्थासारखी द्रावके आली आणि त्यांच्यासोबत आगीही. म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेत ३८ अंश फ्लॅश पॉइंटचे 'स्टॉडर्ड सॉल्व्हंट' तयार झाले.

मग मुळीच न पेटणारे कार्बन टेट्राक्लोराइड लोकप्रिय झाले. ते घरगुती डागनाशकांत होते आणि आग विझवण्याच्या उपकरणांतही. ते यकृत आणि मूत्रपिंड निकामी करू शकते, म्हणून १९७० मध्ये अमेरिकेने घरगुती वस्तूंत त्याला बंदी घातली. त्याची जागा घेणारे परक्लोरोएथिलीनही पेटत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याच्या सर्व घरगुती वापरांवर बंदी जाहीर केली. तेव्हा बाटलीवर 'ज्वालाग्राही नाही' असे वाचून निर्धास्त होऊ नये.

वापरण्याची रीत

बाटली उघडण्याआधी समोरासमोरच्या खिडक्या उघडा. छोटा गालिचा असेल तर गच्चीवर किंवा अंगणातच न्या. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, त्यामुळे तो लावला म्हणजे हवा खेळती झाली असे होत नाही. देवघरातली समई-निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, गॅसची शेगडी आणि गॅस गीझर बंद असल्याची खात्री करा. पंखा लावायचा तो आधीच लावा. वास असेपर्यंत विजेच्या बटणांना हात लावू नका. डास मारायची रॅकेट तर ठिणग्यांवरच चालते, ती दूर ठेवा. गालिचा ओला असताना व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका. त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात आणि वाफ थेट तिथेच ओढली जाते.

घासणेही टाळावे. कोरड्या हवेत कृत्रिम धाग्यांचा गालिचा घासला की स्थिर वीज साठते. अंगाला चटका जाणवायला साधारण एक मिलिज्यूल ऊर्जा लागते. अशा वाफा पेटवायला तिचा चौथा हिस्साही पुरू शकतो. म्हणजे जी ठिणगी आपल्याला कळतही नाही, ती पुरेशी ठरते.

द्रावक गालिच्यावर ओतू नका. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे घ्या, आधी कोपऱ्यात लावून रंग जातो का पाहा, मग डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. यात गालिच्याचेही हित आहे. हँड-टफ्टेड गालिच्यांचे टाके मागच्या बाजूला लॅटेक्सच्या थराने धरलेले असतात. द्रावक तिथवर झिरपले तर तो थर मऊ पडून सुटतो. गाठी मारून विणलेल्या गालिच्यात असा थर नसतो, पण लोकरीचा रंग मात्र जाऊ शकतो.

हातांत नायट्राइलचे मोजे घाला; द्रावक त्वचेतले तेल ओढून घेते आणि ती भेगाळते. ॲसिटोन मात्र नायट्राइलमधूनही लवकर आरपार जाते, तेव्हा मोजे लगेच बदला. कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. ब्लीचमध्ये ही द्रावके कधीही मिसळू नका. अल्कोहोल किंवा ॲसिटोनची ब्लीचशी गाठ पडली की क्लोरोफॉर्मसारखे विषारी पदार्थ तयार होतात.

वापरलेली फडकी घराबाहेर, मुले आणि विस्तव यांच्यापासून दूर, पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच टाका. ती वॉशिंग मशीनमध्ये किंवा ड्रायरमध्ये घालू नका. उरलेले द्रावक मोरीत, बेसिनमध्ये ओतू नका. वाफ गटारातून पुढे सरकते. गालिच्याचा वास पूर्ण जाईपर्यंत मुलांना त्या खोलीत खेळू-झोपू देऊ नका.

काही बिघडलेच तर

भोवळ आली तर त्या व्यक्तीला ताबडतोब मोकळ्या हवेत न्या. डोळ्यांत उडाले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. मुलाने द्रावक प्यायले असेल, तर उलटी करवू नका. मीठपाणी पाजणे, घशात बोट घालणे हे जुने उपाय इथे घातक आहेत. उलटीबरोबर द्रावक फुप्फुसात उतरले, की तिथे गंभीर दाह होतो. १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात जाताना बाटली बरोबर न्या. डॉक्टरांना त्यातला घटक कळणे फार उपयोगाचे असते. आग लागली तर पाणी ओतू नका, पेटते द्रावक त्याने पसरते. घरातल्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ वर कळवा.

यांतल्या बऱ्याच प्रसंगांना एक सवय मुळातच रोखू शकते. द्रावक त्याच्या मूळ बाटलीत, लेबलासह, कुलपात ठेवा. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेले थिनर मुलाला पाणीच वाटते. या रविवारी घरातली फडताळे, माळा आणि बाल्कनीतला कोपरा तपासा. अशी एखादी बिनलेबलाची बाटली सापडली, तर ती लगेच तिथून हलवा.