युसूफ वडगावहून खोडद : विज्ञानदिनाची सहल

२८ फेब्रुवारीला पुण्यातल्या, एरवी फाटकावरूनच परत पाठवणाऱ्या संस्था शाळकरी पोरांना आत घेतात. १९२८ साली याच तारखेला सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात प्रकाशाच्या विखुरण्याचा शोध लावला आणि १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. पुण्यातल्या पोरांना सिटी बसने गणेशखिंडीत उतरलं की झालं. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या शाळेला मात्र अडीचशे किलोमीटरांहून जास्त रस्ता कापावा लागतो. एवढ्या लांबून येणाऱ्याला सगळं पाहता येत नाही, म्हणून आधी काय सोडायचं ते ठरवावं लागतं.

पहिलं नाव निघतं ते आयुकाचं. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली ही खगोलशास्त्राची संस्था चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या वास्तूत आहे. तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, फुकोचा लंबक आहे. मुलांच्या हातांना काम देणारी मुक्तांगण विज्ञान शोधिका तिथलीच. स्वाक्षरी मागायला आलेल्या पोरांना नारळीकर सांगायचे, मला एका पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली स्वाक्षरी आपोआप येईल. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांची ही रीत अजूनही कोणत्याही शाळेला विनाखर्च उचलता येण्याजोगी आहे.

तरीही माझं मत खोडदच्या बाजूचं. विज्ञानदिनी पुण्यात रेटारेटी असते. शहरात पहिल्यांदा आलेली चाळीस लेकरं सांभाळता सांभाळता गुरुजींचा जीव मेटाकुटीला येतो, आणि घरी आल्यावर लेकरांना आठवतात ते उड्डाणपूल. खोडद गावच आहे. जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला, कांदा-टोमॅटोच्या शिवारात जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. वडगावच्या लेकरांना शेत ओळखीचं, रस्ता ओळखीचा. अनोळखी असते ती एकच वस्तू, आणि सगळं लक्ष तिच्याकडे जातं.

ती वस्तू म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळ्यांच्या तोंडी ‘जीएमआरटी’. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांतल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मधल्या भागात आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या. एकेक हात सुमारे १४ किलोमीटरांचा. मधला भाग युसूफ वडगावच्या शिवारात आहे असं धरा आणि केज तालुक्याच्या नकाशावर गुरुजींना तीन रेघा ओढू द्या. वाटेत किती गावं लागतात ते लेकरंच मोजतील. हे काम निघण्याआधी वर्गात झालेलं बरं. नाहीतर तिथे पोचल्यावर समोरची एकच डिश पाहून ‘हीच ती दुर्बीण’ असं वाटतं आणि बाकीच्या एकोणतीस हिशेबातून सुटतात.

डिशच्या जवळ गेल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो : हिच्यातून तर आभाळ दिसतंय, मग ही पकडते काय? ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची करामत नेमकी इथेच आहे. त्यांनी भरीव पत्रा वापरलाच नाही. पोलादी नळ्यांच्या १६ वक्र कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेले तारेचे दोर आणि त्यांवर बसवलेली स्टेनलेस स्टीलची जाळी. तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. जाळीची छिद्रं मध्याकडे १० मिलिमीटर, नंतर १५ आणि काठाकडे २०. ही दुर्बीण ज्या लाटा टिपते त्यांतली सर्वांत आखूड लाट साधारण वीस सेंटीमीटरांची, तर लांबातली लांब काही मीटरांची. एवढ्या लांब लाटेला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचं छिद्र जाणवतच नाही, ती पत्र्यावरून परतावी तशी जाळीवरून परतते. वारा मात्र आरपार निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी म्हणून पोलाद कमी, पोलाद कमी म्हणून खर्च कमी, आणि म्हणूनच आपल्या देशाला अशा ३० डिश परवडल्या. लेकरांना एवढी एक साखळी समजली तरी एसटीचं भाडं वसूल.

स्वरूप यांनी त्याआधी १९६५ साली कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ डिश उभ्या केल्या होत्या, आणि १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण. जीएमआरटीची कल्पना १९८४ची. नव्वदीच्या दशकात ती उभी राहिली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये रतन टाटांच्या हस्ते देशाला अर्पण झाली. खोडद निवडण्यामागे कारणं होती. डोंगरांची आड आहे, शहरांचा रेडिओ-गोंगाट कमी आहे, आणि पुण्याहून गाडीने दोन-अडीच तासांत पोचता येतं.

तो गोंगाट हा तिथला जुना शत्रू. आवारात मोबाईल बंद ठेवावे लागतात, हे लेकरांना नाही, सोबतच्या मोठ्यांना आधी बजावून ठेवावं. पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग जीएमआरटीच्या परिसरातून जात होता. गाड्यांमुळे निरीक्षणात व्यत्यय येईल म्हणून तो बदलायचं ठरलं. आपल्या भागातून रेल्वे जावी म्हणून डोळे लावून बसलेल्यांना हे रुचलं नाही, आणि रेल्वेची वाट बघणं काय असतं ते बीड जिल्ह्याला कुणी सांगायला नको. दोन्ही बाजू लेकरांसमोर मांडाव्यात. विज्ञान फुकट होत नाही, त्याची किंमत शेजाऱ्यांनाही मोजावी लागते, हे प्रदर्शनातल्या कुठल्याच तक्त्यावर लिहिलेलं नसतं.

तीस डिशचं मिळून एक यंत्र होतं कसं? प्रत्येकीचा संदेश काचतंतूंवरून मधल्या इमारतीत येतो आणि तिथे प्रत्येक डिशची दुसऱ्या प्रत्येक डिशशी जोडी लावली जाते. ३० जणांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं तर किती वेळा होईल? ४३५. गणिताच्या गुरुजींना याहून सोपं उदाहरण कुठलं हवं! ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश खोडदला ऐकू येत होता. जमिनीला टेकण्याच्या थोडं आधी तो तुटला, आणि यान आदळल्याचं पुढे कळलं. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका निरीक्षणात सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश याच जाळीने टिपला.

विज्ञानदिनी तिथे शाळा-महाविद्यालयांनी मांडलेले प्रयोगही असतात. त्या गर्दीत दिवस सरतो. डिश पाहायचं काम सकाळीच उरकावं, स्टॉल नंतर. ही दुर्बीण दिवसाउजेडीही काम करते. डिश फिरताना पाहायला मिळाली तर जागचं हलू नये. 

आता रस्ता. नकाशा पाहून पुण्यामार्गे जायचा मोह होतो, पण तो वळसा आहे. केज, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, अहिल्यानगर आणि तिथून कल्याण रस्त्याने टाकळी ढोकेश्वर, बेल्हे, आळेफाटा. पुढे नारायणगाव आणि खोडद. एका दिवसात जाऊन येणं लेकरांना झेपणार नाही. आदल्या रात्री ओझरला, विघ्नेश्वराच्या भक्तनिवासात मुक्काम सोयीचा. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. एकदा गेलोच आहोत तर शिवनेरी, लेण्याद्रीही करू, असं कुणीतरी म्हणणारच. शिवनेरी घ्यावा, बाकी सोडावं. दहावीची बोर्ड परीक्षा याच दिवसांत असते, म्हणून सातवी ते नववीची लेकरं न्यावीत.

सगळ्यात अवघड काम सह्यांचं. संमतीपत्राशिवाय सहल निघत नाही, आणि फेब्रुवारीत सह्या करणारे हात गावात नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, मुकादमाच्या गाडीत बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर जातात. लेकरं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. कारखान्यांची धुराडी फेब्रुवारी संपताना पेटलेलीच असतात. जुन्नर तालुक्यातही विघ्नहर कारखाना आहे, म्हणजे एखाद्या लेकराचे आईबाप त्या दिवशी खोडदपासून काही कोसांवरच ऊस तोडत असतील, असंही घडू शकतं. म्हणून फेब्रुवारीच्या सहलीचे कागद टोळ्या हलण्याआधी भरून घ्यावेत, आणि आईबाप कोणत्या कारखान्यावर निघालेत तेही त्याच कागदावर लिहून ठेवावं. जीएमआरटीला पत्र डिसेंबरात गेलं तरी चालतं. तिथला विज्ञानदिनाचा उत्सव कधी एक दिवस असतो, कधी दोन. त्या वर्षीची तारीख त्यांच्याकडून पक्की झाल्यावरच एसटी आगारात अर्ज द्यावा.