प्लेगचा तास कोणाचा?

मागच्या वेळी आपण ‘कारण’ या शब्दाचा विचार केला. आज तोच धागा शाळेच्या वर्गात घेऊन जाऊ.

आम्ही हायस्कूलमध्ये असतानाची गोष्ट. इतिहासाच्या तासाला चापेकर बंधूंचा धडा चालू होता. आम्ही उभं राहून विचारलं, “सर, पण प्लेग पसरतो कसा?” सर म्हणाले, “अरे, ते विज्ञानाच्या तासाला विचार.” विज्ञानाच्या सरांना विचारलं, “घराघरांची झडती घेऊन प्लेग थांबतो का?” ते म्हणाले, “हा इतिहासाचा प्रश्न.” तेवढ्यात घंटा झाली. तो प्रश्न दोन वर्गांच्या मधल्या व्हरांड्यात राहिला, तो आजतागायत तिथेच आहे.

आजही दहावीला विज्ञानाची पुस्तकं वेगळी, इतिहास-राज्यशास्त्राचं वेगळं, भूगोलाचं वेगळं. शिकवण्याच्या सोयीसाठी अशी वाटणी लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण घटना काही वेळापत्रक बघून घडत नाही.

आता प्लेगचे हे दोन्ही तास एकत्र लावून बघा. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी प्लेगचा जंतू ओळखला. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. १८९७च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. मग पुण्यात गोरे सोल्जर घरात शिरून झडत्या घेऊ लागले, रोग्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवू लागले. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. आणि १८९८ साली, म्हणजे हे सगळं होऊन गेल्यावर, सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं, की उंदरांच्या अंगावरच्या पिसवा हा रोग पसरवतात. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली.

म्हणजे काय, तर १८९७ साली जंतू माहीत होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो ते नीट माहीत नव्हतं. इथे विद्यार्थी दोन चुका करू शकतो. एक म्हणेल, “बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं, मग दोष कसला?” दुसरा म्हणेल, “सरकार जुलमी होतं, म्हणजे त्याची लसही खोटीच.” पहिल्याने माहितीच्या अभावाला माफीनामा केलं. दुसऱ्याने रागालाच पुरावा मानलं.

या दोघांना आम्ही एकच उदाहरण देऊ. त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ, डॉ. यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पिसवांची गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती. ज्ञान तेवढंच, रोग तोच, पण माणसाशी वागणं किती निराळं! म्हणजे सोल्जरांच्या वागण्याचं कारण केवळ अपुऱ्या विज्ञानात शोधता येत नाही. आणि चांगुलपणा पिसवांना रोखत नाही, हेही त्याच उदाहरणात दिसतं. रोग कसा पसरतो हे विज्ञान सांगेल. तो थांबवताना माणसाला कसं वागवावं, हे त्यातून आपोआप निघत नाही. ‘आहे’वरून ‘असावं’कडे थेट उडी मारता येत नाही, असं तत्त्वज्ञानात म्हणतात ते हेच.

हे सगळं जुनं झालं, असं कोणी म्हणू नये. २०२० साली करोना आला तेव्हा १८९७चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. विषाणू कसा पसरतो आणि पोलिसांनी लोकांशी कसं वागावं, हे दोन्ही प्रश्न तेव्हा घराघरांत एकदमच शिरले. आपल्यापैकी किती जणांना ते वेगवेगळे करून विचारता आले?

म्हणून आमची शिक्षकांना छोटीशी विनंती आहे. वर्षातून एक तास दोघांनी मिळून घ्यावा. फळ्यावर तीनच प्रश्न लिहावेत : तेव्हा काय माहीत होतं? ते कशावरून माहीत होतं? आणि तेवढ्या माहितीवर माणसाला कसं वागवलं? परीक्षेत याला गुण नसतील. पण पुढची साथ येईल तेव्हा आज वर्गात बसलेल्यांपैकीच कोणी डॉक्टर असेल, कोणी दारावर थाप मारणारा अधिकारी, आणि कोणी दाराच्या आत असेल.