विश्लेषण : ‘बिझनेस एथिक्स’ शिकवणाऱ्या प्राध्यापकांना कोण शिकवणार?

एमबीएच्या अभ्यासक्रमात व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीलाही मूल्यशिक्षणाचे श्रेयांक आले आहेत. पुस्तके आहेत, परीक्षाही होते. पण हा विषय शिकवायचा कसा, हे प्राध्यापकांना कोण शिकवते? बुडालेल्या पतसंस्थेच्या ठेवीदाराचा मुलगा आणि तिच्या थकबाकीदाराची मुलगी जिथे एकाच वर्गात असू शकतात, त्या जळगाव-धुळ्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

विषय अभ्यासक्रमात कसा आला?

अमेरिकेत २००१ मध्ये एन्रॉन आणि आपल्याकडे २००९ मध्ये सत्यम. दोन्ही घोटाळ्यांत हिशेब फिरवणारे लोक उत्तम शिकलेले होते. त्यामुळे बोट व्यवस्थापन शिक्षणाकडेही दाखवले गेले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या एमबीए आदर्श अभ्यासक्रमात भारतीय मूल्यविचार आणि व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय ठेवला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘मूल्यप्रवाह’ ही मार्गदर्शक तत्त्वे आणली, २०२३ मध्ये ती सुधारली. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे धोरण लागू झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे सांभाळणाऱ्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांनाही ते लागू आहे.

मग अडचण कुठे आहे?

वेळापत्रक ठरताना हा विषय बहुधा ज्याचा कार्यभार कमी भरतो त्याच्या वाट्याला येतो. व्यवस्थापनाच्या नेट परीक्षेत नीतिमत्ता आहे, पण चार पर्यायांतून एक निवडण्यापुरती. वर्गात मात्र चारही पर्याय थोडे थोडे बरोबर वाटतात, आणि तिथे प्राध्यापक एकटा असतो. मग व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व असे मुद्दे फळ्यावर येतात. अभियांत्रिकीतही या विषयाचे तेच होते, पेपरच्या आदल्या रात्री उरकायचा.

प्रशिक्षणाची सोय नाही असे नाही. मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम २०२३ पासून सुरू आहे, त्याचे अनेक वर्ग ऑनलाइन होतात. पण उद्बोधन आणि उजळणी वर्ग पदोन्नतीच्या अटीत बसवलेले असल्याने हजेरी प्रमाणपत्रासाठी लागते, हे उघड गुपित आहे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना तर ती पदोन्नतीच लागू नाही. प्रशिक्षणाला गेले की त्या दिवसांचे तास बुडतात आणि तेवढे मानधनही. ते उशिरा मिळते ही तक्रार राज्यभर आहे. ‘कर्मचाऱ्यांना वेळेवर मोबदला’ हा धडा अशा प्राध्यापकाने शिकवावा, हा विनोद वर्गातल्या मुलांनाही कळतो.

चांगल्या प्रशिक्षणात काय असते?

प्रवचन नसते, सराव असतो. मेरी जेंटिली या अमेरिकी प्राध्यापिकेची ‘गिव्हिंग व्हॉइस टू व्हॅल्यूज’ ही पद्धत २०१० मधील पुस्तकामुळे जगभर पोहोचली. तिचे म्हणणे साधे आहे. चूक काय हे बहुतेकांना कळत असते, अडते ते ‘साहेबांना सांगायचे कसे’ इथे. म्हणून ‘तू काय करशील?’ असे विचारायचेच नाही. योग्य ते करायचे ठरले आहे असे धरायचे. मग कोणाशी बोलणार, कोणते आकडे पुढे ठेवणार, समोरचा ‘सगळेच करतात’ म्हणाला तर काय उत्तर देणार, याची तालीम घ्यायची.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाने विद्यापीठांसाठी सचोटी आणि नीतिमत्तेवर १४ घटक मोफत दिले आहेत. प्रत्येक घटकात सुमारे तीन तासांच्या वर्गाची आखणी आहे आणि स्थानिक उदाहरणे घालून तो बदलण्याची मुभाही आहे.

खान्देशातली उदाहरणे कोणती?

इथे परदेशी केस स्टडीची गरजच नाही. ‘पक्के बिल हवे की कच्चे?’ हा प्रश्न मुले रोज ऐकतात. कापसाच्या खेडा खरेदीत मापात पाप होते की नाही, केळीला जाहीर भावापेक्षा कमी दर का मिळतो, यावर शेतकऱ्यांच्या घरातली मुले प्राध्यापकांपेक्षा जास्त बोलू शकतील.

सर्वांत मोठे उदाहरण जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी अर्थात बीएचआर या बहुराज्य पतसंस्थेचे. ठेवी अडकल्या, २०१५ मध्ये संस्थेवर अवसायक आला. बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतील ठेवींना तो नाही. पुढे २०२० मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे टाकले. गरजू ठेवीदारांच्या पावत्या कमी पैशांत घ्यायच्या आणि त्याच पावत्या पूर्ण किमतीला कर्जात वळत्या करायच्या, असा व्यवहार झाल्याचा आरोप तपासात पुढे आला.

या एका व्यवहारात किती माणसे आहेत बघा. लेकीच्या लग्नासाठी हाती पडेल ते घेणारा ठेवीदार, ‘निदान काही तरी मिळवून दिले’ म्हणणारा दलाल, स्वस्तात कर्जमुक्त होणारा कर्जदार, कागद तयार करणारा कारकून आणि शेवटपर्यंत थांबलेले बाकीचे ठेवीदार. यात कारकुनाने काय बोलायला हवे होते, आणि कोणाशी? तीन तास पुरणार नाहीत.

घोटाळा नसलेली उदाहरणेही हवीत. जैन इरिगेशन २०१९ मध्ये कर्जफेडीच्या अडचणीत आली, बँकांसोबतची कर्जपुनर्रचना २०२२ मध्ये पूर्ण झाली. पैसा अपुरा असताना कामगार, पुरवठादार आणि बँका यांपैकी आधी कोणाचे द्यायचे? हा प्रश्न अप्रामाणिकपणाचा नाही, म्हणूनच तो जास्त अवघड आहे.

मग प्राध्यापक ही उदाहरणे का टाळतात?

कारण गाव ओळखीचे आहे. ज्या घरकुल प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये ४८ जणांना दोषी ठरवले, ते जळगावचेच. त्यात मोठी राजकीय नावे होती, आणि प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. राजकारण, बांधकाम, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांचे धागे छोट्या शहरात एकमेकांत गुंतलेले असतात. कायम नसलेल्या प्राध्यापकाने संस्थाचालकांच्या परिचितांचे नाव वर्गात घ्यावे, अशी अपेक्षा कशी ठेवणार? त्यामुळे नाव न घेता प्रसंग कसा मांडायचा, आरोप आणि सिद्ध झालेली गोष्ट वेगळी कशी ठेवायची, एखाद्या मुलाच्या घराचाच विषय निघाला तर तास कसा सांभाळायचा, हे शिकवणे प्रशिक्षणाचा गाभा हवा. सध्याच्या वर्गांत त्याला फारशी जागा दिसत नाही.

इथे उभे राहू शकते का?

कोलकात्याच्या आयआयएममध्ये मानवी मूल्यांचे केंद्र १९९२ पासून आहे. पण खान्देशाला तेवढे लांब जायला नको. अमळनेरचे गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञानाची संस्था काढली, तिथे देशभरातून अभ्यासक येत. त्याच अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यातून आजच्या विप्रोची सुरुवात झाली. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ पासून गांधीतीर्थ आहे. नीतीवाचून व्यापार हे गांधीजींनी १९२५ मध्ये ‘यंग इंडिया’त छापलेल्या सात सामाजिक पापांपैकी एक, आणि विश्वस्तवृत्ती हा त्यांचा उद्योगविचार. वाणिज्य, व्यवस्थापन आणि तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून वर्षाला चार स्थानिक प्रसंग मराठीत लिहिले आणि एकमेकांच्या वर्गात शिकवून पाहिले, तर त्यासाठी वेगळी इमारत लागणार नाही. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या त्या दिवसांच्या मानधनाची तरतूद मात्र आधी करावी लागेल.