धोंडू आणि नकुशा

बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि बाळाचं नाव जाहीर होतं. हल्ली त्या एका नावासाठी किती शोधाशोध! अर्थ चांगला हवा, कानाला गोड लागायला हवं आणि शेजारच्या बाळाचं तर मुळीच नको. मग आपल्या रत्नागिरीकडच्या जुन्या माणसांत इतके धोंडू, दगडू आणि भिकू कुठून आले बरं?

धोंडा म्हणजे दगड. पोटच्या गोळ्याला कोण दगड म्हणेल? पण तो काळ आठवा. देवी, पटकीच्या साथी यायच्या, गावात ना डॉक्टर ना औषध. पाळण्यातली मुलं हातोहात जायची. एक-दोन मुलं गेलेल्या घरात मग पुढच्याचं नाव मुद्दाम ओबडधोबड ठेवत. देखण्या नावाला दृष्ट लागते, दगडाकडे नि केराकडे कोण बघतंय, असा समज. म्हणून दगडू, म्हणून केरू. भिकू म्हणजे देवाकडे भीक मागून मिळालेला. शिवाय अधिक महिना हा धोंड्याचा महिना, त्यात जन्मलेल्यालाही धोंडू म्हणत. नाव ओबडधोबड, पण त्यामागे आईचा जीव टांगलेला असायचा.

असंच नाव घेऊन १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातल्या शेरवलीत एक मूल जन्मलं. तेच आपले महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, भारतरत्न झाले. नावात धोंडा होता म्हणून काही अडलं नाही!

पण मैत्रिणींनो, सगळीच नावं अशी मायेची नसतात. 'नकुशा' म्हणजे नको असलेली. मुलीवर मुलगी झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो म्हणे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना जाहीर समारंभात नवी नावं दिली गेली. वरवर पाहता धोंडू आणि नकुशा सारखीच वाटतात. पण धोंडूचं नाव 'हा राहू दे' म्हणतं, नकुशाचं नाव 'ही नको होती' म्हणतं. शाळेत रोज हजेरीला त्या पोरीनं 'नकुशा' ऐकायचं आणि 'हजर' म्हणायचं! काय वाटत असेल तिला?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी आपल्या राज्यात सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आईचं नाव लावायचं ठरलं आहे, वडिलांचं त्यानंतर. म्हणजे लेकीच्या नावाला आता आपलं नाव चिकटून राहणार. तेव्हा पाळण्याशी नुसतं उभं राहून ऐकू नका. नाव ठरवताना आईनंही तोंड उघडावं, आणि आजीनं तिची बाजू घ्यावी. लेक हवी होती, हे तिला तिच्या नावातूनच कळू दे.