किहीमच्या वाटांवर इलेक्ट्रिक हार्डटेल

हार्डटेल म्हणजे पुढच्या चाकाला सस्पेन्शन आणि मागे ताठ फ्रेम असलेली सायकल. भारतातल्या बऱ्याच इलेक्ट्रिक हार्डटेलमध्ये २५० वॉटची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच असते आणि वजन साधारण २० ते २५ किलो भरतं.

अलिबागजवळच्या किहीम, आवास, सासवणे या भागातले वाडीतले कच्चे रस्ते अशी सायकल सहज पार करते. किनाऱ्यावरच्या भुसभुशीत वाळूत मात्र चाक रुततं. ओहोटीची घट्ट वाळू चालते, पण खारं पाणी चेन आणि बेअरिंगला गंज चढवतं. फेरीनंतर सायकल गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवून चेनला तेल द्यावं. जोराचा फवारा मोटरवर मारू नये.

याच परिसरातल्या खंडाळे गावाहून सागरगड किल्ल्याकडे जाणाऱ्या दगडधोंड्यांच्या चढावर मोटरचा आधार मोलाचा ठरतो. खरी परीक्षा उताराला. हबमधल्या वजनामुळे मागचं चाक प्रत्येक दगडावर जोरात आपटतं. ट्यूब चिमटून पंक्चर होते, स्पोकही तुटतात. रुंद ट्यूबलेस टायर, थोडी कमी हवा, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि पेडलवर उभं राहून उतरणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

थोडक्यात, कच्चे रस्ते आणि मध्यम खडकाळ वाटांसाठी हार्डटेल पुरेशी आहे. उड्या आणि वेगवान उतारांसाठी दोन्हीकडे सस्पेन्शन असलेलीच सायकल घ्यावी.