एका यंत्रावर अनेक पायथन

संगणकाची आज्ञावली एकदां लिहून झाली म्हणजे ती कोणत्याहि यंत्रावर तशीच चालेल, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. पायथनसारख्या भाषेंत लिहिलेली आज्ञावली हा नुसता मजकूर असतो. तो वाचून यंत्राकडून काम करवून घेणारा एक दुभाषी लागतो. त्या दुभाष्यास व त्याच्या बरोबरच्या साहित्यास मिळून ‘रनटाइम’ म्हणतात. अडचण अशी कीं, दुभाष्याच्याहि आवृत्त्या निघतात, आणि एकीनें लावलेला अर्थ दुसरी लावीलच असें नाहीं.

गीडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थानें पायथन भाषा १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तिची दुसरी मोठी आवृत्ति २००० सालीं व तिसरी २००८ च्या डिसेंबरांत आली. तिसरी काढतांना, जुन्या आज्ञावल्या तशाच चालल्या पाहिजेत हा आग्रह कर्त्यांनीं बुद्ध्या सोडला. दुसऱ्या आवृत्तींत ‘प्रिंट’ हा शब्द कंसावांचून चाले. तिसरींत कंस नसला तर दुभाषी तेथेंच थांबून चूक दाखवितो. ही अडवणूक त्रासदायक खरी, पण प्रामाणिक आहे. भागाकाराची गोष्ट निराळी. सातास दोहोंनीं भागावयास सांगितलें तर दुसरी आवृत्ति ३ उत्तर देते, तिसरी ३.५ देते; तक्रार कोणीच करीत नाहीं. समजा, सरासरी ३४.५ असल्यास मुलाला उत्तीर्ण करावें असा एखाद्या शाळेचा नियम आहे, आणि तिसरीसाठीं लिहिलेली निकालाची आज्ञावली चुकून दुसरीच्या हातीं पडली. दोन पत्रिकांत मिळून ६९ गुण मिळविलेल्या मुलाची सरासरी ३४ भरते व तो नापास होतो. गुणपत्रक मात्र सुबक छापून बाहेर पडतें.

दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. मग जुनी काढून नवी बसवावी हें सरळ दिसतें. पण जुन्या आज्ञावल्या अजून कामांत आहेत, आणि शिवाय लिनक्सच्या कित्येक घराण्यांत ऑपरेटिंग सिस्टिमचीं स्वतःचीं कामें पायथनवर चालतात. सेंटओएसच्या सहाव्या आवृत्तींत नवें सॉफ्टवेअर बसविणारें ‘यम’ हें साधन पायथन २.६ वर चालत असे. ‘पायथन’ हें नांव दुसऱ्या आवृत्तीकडे वळवितांच तें बंद पडे. (नांवाचा यम, पण मरण्याची पाळी प्रथम त्याच्यावरच येई!) यंत्राबरोबर आलेल्या पायथनला हात न लावणें हेंच शहाणपण.

तेव्हां निरनिराळ्या आवृत्त्या शेजारीं शेजारीं बसवावयाच्या, आणि हांक मारल्यावर कोणी ओ द्यावयाची तें ठरवावयाचें, एवढाच प्रश्न उरतो. कमांड लाइनवर ‘पायथन’ असें टंकिलें म्हणजे आज्ञा घेणारा शेल ‘पाथ’ नांवाची यादी पाहतो. तींत फोल्डरांचीं नांवें क्रमानें असतात. ज्या फोल्डरांत त्या नांवाची फाइल प्रथम सापडेल तेथें शोध संपतो. पुढें त्याच नांवाची दुसरी असली तरी तिला कोणी विचारीत नाहीं. सारें रहस्य ह्या क्रमांत आहे.

‘पायएन्व्ह’ हें साधन ह्याच क्रमाचा उपयोग करतें. ‘पायएन्व्ह इन्स्टॉल २.७.१८’ म्हटलें कीं तें त्या आवृत्तीचा मूळ मजकूर आणून यंत्रावरच बांधतें व निराळ्या जागीं ठेवतें. मग यादीच्या अग्रभागीं आपलें एक फोल्डर घालतें. त्यांत खरे दुभाषी नसतात, त्यांच्या नांवाचे ‘शिम’ असतात. शिम म्हणजे सुताराची पातळ पाचर. देवडीवरचा माणूस म्हटलें असतें तर अधिक शोभलें असतें. हांक आली कीं तो शेलमध्यें कोणती आवृत्ति सांगून ठेवली आहे काय तें पाहतो. नसेल तर चालू फोल्डरांत ‘डॉट पायथन-व्हर्जन’ ही फाइल शोधतो. तेथें नसेल तर वरच्या, मग त्याच्याहि वरच्या फोल्डरांत. कोठेंच न मिळाल्यास सर्वसाधारण म्हणून नेमलेली आवृत्ति घेतो. ती फाइल ‘पायएन्व्ह लोकल’ ह्या आज्ञेनें लिहिली जाते. तींत बहुधा एकच ओळ असते. कोण उत्तर देत आहे हें पाहावयाचें तर ‘पायएन्व्ह विच पायथन’ असें विचारावें. नुसतें ‘विच’ विचारल्यास देवडीचाच पत्ता मिळतो.

नोडसाठीं असलेलें ‘एनव्हीएम’ देवडी ठेवीत नाहीं. तें त्या शेलपुरती यादीच बदलतें. नव्या खिडकींत पुन्हा ठरलेलीच आवृत्ति येते, ह्याचें नवख्यास आश्चर्य वाटतें.

आवृत्ति जमली तरी पॅकेजांचे तंटे उरतात. एका कामास जुनें हवें, दुसऱ्यास नवें. त्यासाठीं २०१२ सालच्या ३.३ पासून पायथनबरोबरच ‘व्हेन्व्ह’ येतें व प्रत्येक कामास पॅकेजांचें स्वतंत्र फोल्डर करून देतें. हें फोल्डर उचलून दुसऱ्या यंत्रावर नेऊं नये, कारण त्याच्या आंत मूळ जागेचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. आज्ञावलीबरोबर पॅकेजांची यादी व ‘डॉट पायथन-व्हर्जन’ ही फाइल द्यावी, आणि फोल्डर तेथें नव्यानें बांधून घ्यावें.