नायिकेचा नकार आणि आपली मुले

लग्नसराई सुरू झाली की पेणपासून रोह्यापर्यंतची गावे हळदीच्या रात्री जागत असतात. दारात मांडव, मागच्या बाजूला चुलाणावर टोप आणि समोर मांडवाच्या उंचीचे स्पीकर. रात्री दहानंतर ते बंद ठेवण्याचा नियम सर्वांना तोंडपाठ आहे, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल. कानांच्या आरोग्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन. आज त्या स्पीकरमधून जे ऐकू येते त्याविषयी लिहायचे आहे. पोरगी मुरडते, नको म्हणते. पोरगा मागे लागतो, हात धरतो. तिसऱ्या कडव्यापर्यंत ती त्याची झालेली असते. दहा-बारा वर्षांची मुले या गाण्यांवर नाचतात आणि आया कौतुकाने मोबाईलवर त्यांचे चित्रण करतात.

आरोग्याच्या सदरात गाणी आणि सिनेमा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझे म्हणणे असे, की वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीराबद्दल आणि प्रेमाबद्दल जे काही कळते, ते त्यांना घरात कोणी सांगत नाही आणि शाळेत तर नाहीच नाही. महाराष्ट्रात शाळांमधले लैंगिक शिक्षण २००७ साली गदारोळानंतर थांबविण्यात आले होते. त्यानंतरही या विषयाचा धडा आला की ‘घरी वाचा’ असे सांगून पान उलटणारे शिक्षक मला ठाऊक आहेत. मग शिकवणी घेते कोण? गाणे, मालिका, सिनेमा आणि आता खिशातला मोबाईल. ही शिकवणी चुकली की त्याचे पेशंट आमच्याकडे येतात.

कॉलेजात जाणारी एक मुलगी वारंवार पोटदुखी आणि चक्कर घेऊन येत होती. (तपशील अर्थातच बदलले आहेत.) रक्त, लघवी, सोनोग्राफी सर्व ठीक. आईला बाहेर बसवून विचारले तेव्हा कळले, की एक मुलगा रोज एसटी स्टँडपासून तिच्या मागे येतो. तिने तीनदा स्पष्ट नाही म्हटले होते. मैत्रिणी म्हणत, ‘किती प्रेम करतो गं तुझ्यावर!’ आणि घरी सांगावे तर कॉलेज बंद होण्याची भीती. अशा मुलीला पोटदुखीची गोळी किती दिवस देणार?

मुलगा असा का वागतो? कारण नायक असाच वागतो. ‘डर’ हा हिंदी सिनेमा १९९३ साली आला. त्यात एका विवाहित स्त्रीचा पिच्छा पुरवणारा माथेफिरू तरुण आहे. तो खलनायक, पण प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या त्यालाच. पुढे २०१३ साली स्त्रीचा असा पाठलाग करणे हा कायद्याने गुन्हा ठरला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. फोनवर, मेसेजवर सतत मागे लागणेही त्यात येते. परंतु कायदा झाला म्हणून गाणी बदलत नाहीत.

इथे स्त्री चळवळीतल्या लेखिका-कार्यकर्त्यांनी मांडलेला एक विचार मला वैद्यकीय दृष्टीनेही फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे चांगल्या घरच्या मुलीने ‘हो’ म्हणायचे नसते. तिला कोणी आवडले तरी तिने ते दाखवायचे नाही, लाजायचे, नको नको म्हणायचे. मग मुलगा शिकतो की ‘नको’ ही फक्त रीत आहे, खरे उत्तर आत वेगळेच आहे. जिला ‘हो’ म्हणायची मुभाच नाही तिच्या ‘नाही’लाही किंमत राहत नाही. म्हणूनच मुलींना नकार द्यायला शिकवा, एवढे सांगून भागत नाही. त्यांना इच्छा असते, आवडनिवड असते, हेही घरातून मान्य व्हावे लागते.

आणि हे सांगायला आपले लोकप्रिय मनोरंजन नेहमीच मागे होते, असेही नाही. व्ही. शांताराम यांचा प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ सालचा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. त्यातल्या नीराला फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी लग्न लावून दिले जाते. शांता आपटे यांनी रंगवलेली ही नीरा रडत बसत नाही. या माणसाला ती नवरा मानत नाही आणि त्याला अंगाला हात लावू देत नाही. लघळपणा करणाऱ्या सावत्र मुलालाही छडीने बडवून काढते. लग्न झाले म्हणजे बाईच्या शरीरावर हक्क मिळाला असे नव्हे, हे पडद्यावर सांगितले गेले त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. त्यात काकासाहेबांच्या विधवा, समाजसेविका मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले होते. याच शकुंतलाबाईंनी पुढे अनेक वर्षे संततिनियमनाचा प्रचार केला. पडद्यावर बोलायचे आणि खेड्यापाड्यांत जाऊन कामही करायचे, अशी माणसे थोडी.

आपल्या भागातलेच पाहा. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण असते. लग्नातले विधी तिच्या गाण्यांवर चालतात. मंत्र बाईच्या तोंडी, असा हा प्रकार. गौरीच्या रात्री फुगड्या घालताना बायका सासू, दीर, नवरा या सर्वांची जी काय फजिती करतात, ती ऐकून पुरुषाने तिथून काढता पाय घ्यावा. ही गाणी सोवळी नव्हती, आणि सगळी स्त्रीच्या बाजूची होती असेही मी म्हणणार नाही. मुकाट सोसण्याचा उपदेशही त्यांत पुष्कळ. पण बोलणारी बाई होती. डीजेच्या गाण्यात बोलतो पुरुष, आणि बाई म्हणजे कंबर, डोळे आणि चाल. मला फरक वाटतो तो हा. चावटपणाला माझी हरकत नाही.

स्त्री गप्प राहिली म्हणजे तिची संमती होती, या समजुतीने महाराष्ट्रात केवढा अनर्थ केला आहे, तेही सांगतो. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या (आता गडचिरोली) देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपी पोलिसांना सोडले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, हे त्याचे एक कारण. १९७९ मध्ये वसुधा धागमवार आणि आणखी तीन कायदेपंडितांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच वर्षी स्त्री मुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक आले आणि गावोगाव गाजले. डॉक्टर म्हणून यात एवढीच भर घालतो: अतिशय भीतीच्या क्षणी माणसाचे शरीर कित्येकदा लढत नाही, पळतही नाही, ते थिजते. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ही मज्जासंस्थेची प्रतिक्रिया आहे. जखम नाही म्हणजे जबरदस्ती नाही, असा हिशेब शरीरशास्त्रात बसत नाही.

आता मुलांकडे वळू, कारण या शिकवणीत मुलगेही भरडले जातात. पडद्यावरचा नायक कधी दमत नाही, घाबरत नाही. मोबाईलवरच्या अश्लील चित्रफितींत तर सगळेच अचाट. ते पाहून सतरा-अठरा वर्षांचा पोरगा माझ्यासमोर येऊन मान खाली घालून सांगतो, ‘डॉक्टर, धातू जातो.’ त्याआधी रेल्वेलगतच्या भिंतीवरची जाहिरात वाचून त्याने कुठेतरी हजारो रुपये घालविलेले असतात. वाचकहो, नीट लक्षात घ्या. शंभर थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही निव्वळ कल्पना आहे. वीर्य रक्तापासून आटवून काढलेले नसते. त्यातला बराचसा भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथींचा स्राव असतो, आणि शुक्रजंतू वृषणांत रोज नव्याने तयार होत असतात. झोपेत वीर्य जाणे हा दोष नव्हे. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, डोळे खोल जात नाहीत, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. त्या मुलांना अशक्त करते ती भीती, रात्रीचे जागरण आणि अपराधीपणा. एखादा मुलगा मुलाकडे किंवा मुलगी मुलीकडे ओढली जाते, तोही आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली, आणि २०१८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधील संमतीचे असे संबंध गुन्हा नसल्याचे सांगितले. ‘औषधाने सरळ करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहावे.

हेच सर्व शंभर वर्षांपूर्वी र. धों. कर्वे सांगत होते. गणिताचे प्राध्यापक, १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, घर बव्हंशी पत्नी मालतीबाईंच्या मिळकतीवर चालले. १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांनी विचारलेल्या असल्याच प्रश्नांना त्यात उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र कोणी घ्यावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी! खटला हरले, दंड झाला. पण स्त्रीलाही पुरुषाइतकीच कामेच्छा असते आणि तिला तितकाच हक्क आहे, हे लिहिणे कर्व्यांनी सोडले नाही. त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर स्त्रीची नग्न चित्रे असत. ती कोणाच्या नजरेसाठी, असे आजच्या मुलींनी विचारले तर तो प्रश्न मला रास्तच वाटेल. कर्व्यांवर अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा २००१ साली आला. मिळाल्यास घरातल्या मोठ्या मुलांसह पाहावा.

लग्नानंतरची गोष्ट थोडक्यात. फुलांनी सजविलेला पलंग, दुधाचा पेला, घुंघट, दिवा मालवला की संपले. सिनेमा इथे थांबतो आणि आमचे काम इथून सुरू होते. काल-परवा ओळख झालेल्या दोघांनी पहिल्याच रात्री सर्व काही साधलेच पाहिजे, ही सक्ती कशासाठी? मनात भीती असेल तर स्त्रीचे योनीभोवतीचे स्नायू आवळले जातात, अतोनात दुखते, आणि ‘हिला नको आहे’ किंवा ‘ह्याला जमत नाही’ असा बभ्रा होतो. चार दिवस, चार आठवडे थांबल्याने काहीही बिघडत नाही. तिला लघवीला जळजळ होऊ लागली तर भरपूर पाणी प्यावे, संबंधानंतर लघवीला जाऊन यावे आणि डॉक्टरकडे यावे. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. रक्त आले नाही म्हणून संशय घेणाऱ्यांना सांगतो: योनिपटलावरून कौमार्य ओळखता येत नाही. काहींचे पटल मुळातच लवचिक असते, काहींचे नावापुरतेच असते. आमच्या वेळच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकात कौमार्याची लक्षणे पाठ करावी लागत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ साली तो भाग अभ्यासक्रमातून वगळला, हे उत्तम झाले. कंजारभाट समाजातल्या तरुणांनी २०१८ च्या सुमारास आपल्याच जातपंचायतीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उभे राहून दाखविले. त्यांना जे कळले ते शिकल्यासवरल्या घरांतही अजून कळायचे आहे.

आईवडिलांनी काय करावे, असे नेहमी विचारतात. रवी जाधव यांचा २०१३ सालचा ‘बालक-पालक’ पाहावा. चाळीतली चार मुले मोठ्यांना एक साधा प्रश्न विचारतात, मोठे उडवून लावतात, आणि मग मुले व्हिडिओ कॅसेटमधून उत्तर शोधतात. आता कॅसेट आणायला कुठे जावे लागत नाही. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की पाळी येण्याआधीच तिला पाळीविषयी सांगावे, आणि तेच तिच्या भावालाही सांगावे. टीव्हीवर नायक मागे लागला की ‘तिला हे आवडलं असेल का रे?’ एवढेच विचारावे. लेक्चर देऊ नये. पोरे उठून जातात. ‘सैराट’ (२०१६) बहुतेक घरांनी पाहिला आहे. त्यातली आर्ची स्वतः बघते, स्वतः विचारते, बुलेट चालवते, म्हणून ती मुलींना आवडली. ते बोलायला निमित्त चांगले आहे. शेवटी तिचे काय झाले आणि कोणी केले, तेही बोलावे.

मात्र अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायदा मानत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली आम्हा डॉक्टरांना अशी बाब पोलिसांना कळवावीच लागते. या भीतीने मुली उशिरा येतात किंवा भलत्याच माणसाकडे जाऊन जीव धोक्यात घालतात. तसे करू नये. अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास गर्भपातासाठी आलेल्या मुलीचे नाव आणि ओळख डॉक्टरने कळविण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटले आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींना आणि अत्याचारपीडित स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. पण जितके लवकर तितके सुरक्षित. संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी बहात्तर तासांच्या आत, शक्य तितकी लवकर घ्यायची असते आणि ती नेहमीसाठी नाही. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे; किशोरवयीन मुलामुलींसाठी सल्ल्याची वेळ कोणती, ते तिथे विचारावे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि मागे लागणाऱ्या माणसापासून तातडीची मदत हवी असल्यास ११२.